भरती नसलेला किनारा

लेक मिशिगनच्या काठी पोहोचल्यावर अण्णांनी विचारलेला पहिला प्रश्न भरतीच्या वेळेचा होता. गाडीतून उतरून, वाळूत चार पावले टाकून, चपला हातात घेऊन ते उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, आज भरती किती वाजता आहे? चपला कुठं ठेवायच्या ते ठरवू दे." गुहागरच्या पुळणीवर सारा जन्म काढलेल्या माणसाचा तो प्रश्न इतका सहज होता की मीसुद्धा क्षणभर मोबाइलवर भरतीचे वेळापत्रक शोधू लागले. मग आठवले की इथे तसले काही नसते. चंद्राची ओढ या पाण्यालाही लागते, पण तिने होणारा चढउतार पाच सेंटिमीटरांहूनही कमी असतो आणि साध्या वाऱ्याने उठलेल्या लाटांमध्ये तो कुणाच्या लक्षातही येत नाही. अण्णांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि चपला वर, जिथे गवत सुरू होते तिथे नेऊन ठेवल्या.

आई आणि अण्णा यंदा उन्हाळ्यात आमच्याकडे अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ राहायला आले होते. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी झाली, दुसऱ्या दिवशी दीड दिवसाच्या गणपतीचे बादलीत विसर्जन झाले, ते शाडूचे पाणी आईने अंगणातल्या टोमॅटोंना घातले, आणि लेबर डेची, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची, जोडून सुट्टी होती म्हणून शुक्रवारी आम्ही उत्तरेकडे निघालो. मिशिगन राज्याचा खालचा भाग नकाशावर हाताच्या पंजासारखा दिसतो. त्यामुळे इथले लोक आपले गाव कुठे आहे हे सांगताना खिशातून नकाशा काढत नाहीत, हात पुढे करतात. आम्ही राहतो ते अंगठ्याच्या बुंध्याखाली, आणि जायचे होते ते करंगळीच्या मुळाशी, एम्पायर नावाच्या लहानशा गावाजवळ. अंतर चारशे किलोमीटरांहून थोडे अधिक. अण्णांना ही पंजाची युक्ती फार आवडली आणि वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर ते तळहात पसरून "आता कुठं आलो?" असे विचारत राहिले.

मराठीत या पाण्याला काय म्हणावे, हा प्रश्न मला इथे आल्यापासून छळतो. शाळेच्या भूगोलात "पंचमहासरोवरे" होती, आणि सरोवर म्हटले की डोळ्यांसमोर कमळे व हंस येतात. तळे म्हणावे तर त्याला चारही बाजूंनी काठ दिसला पाहिजे. लेक मिशिगनचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपला पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा सगळा कोकण विभाग त्यात जवळजवळ दोनदा मावेल. एम्पायरच्या किनाऱ्यावरून समोरचे विस्कॉन्सिन राज्य सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे, त्यामुळे दिसते ते फक्त क्षितिज. जे लोक इथे आधीपासून राहत होते, त्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतल्या "मोठे पाणी" अशा अर्थाच्या शब्दावरून मिशिगन हे नाव आले आहे. सरोवर, सागर असा वाद त्यांनी ठेवलाच नाही. अण्णा मात्र शेवटपर्यंत "तुमचं तळं" असेच म्हणत राहिले आणि त्या शब्दात जी किंचित कुचेष्टा होती ती पहिल्या दिवशी बरीच आणि तिसऱ्या दिवशी थोडी कमी अशी मी मोजत गेले.

शनिवारी पाणी अप्रतिम होते. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे चैत्र-वैशाख, आणि भाद्रपदात कुणी उन्हाळा म्हणत नाही. इथे मात्र पाण्याचा उन्हाळा हवेच्या उन्हाळ्यामागून येतो. जूनमध्ये हवा तापली तरी पाण्यात पाय ठेववत नाही. एवढे मोठे पाणी तापायलाच दोन महिने लागतात आणि ते सर्वांत उबदार होते ते ऑगस्टमध्ये, जेव्हा शाळा उघडायच्या बेतात असतात आणि संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावे लागते. अण्णा गुडघाभर पाण्यात गेले, मग कमरेभर, मग सरळ पोहू लागले. बाहेर आल्यावर त्यांनी दोन तक्रारी केल्या. पहिली अशी की हे पाणी माणसाला धरत नाही. ते खरे आहे, कारण मिठाने जड झालेल्या पाण्यात शरीर जितके वर तरंगते तितके गोड्या पाण्यात तरंगत नाही, आणि जन्मभर समुद्रात पोहलेल्याला हा फरक पहिल्या दहा हातांतच जाणवतो. दुसरी तक्रार लाटांची होती. "लाटा लहान आहेत, पण दम घेऊ देत नाहीत," असे ते म्हणाले. हेही खरे निघाले. गुहागरला येणारी मोठी लाट हजारो किलोमीटरांच्या मोकळ्या समुद्रावरून आलेली असते, तिच्या आणि पुढच्या लाटेच्या मध्ये ऐसपैस अंतर असते. इथे वाऱ्याला धावायला जागाच थोडी, त्यामुळे लाटा आखूड आणि एकीच्या पाठीवर दुसरी अशा येतात. वारा जोराचा असेल तर एका लाटेतून सावरण्याआधी दुसरी तोंडावर बसते, आणि परतीचा ओढा किनाऱ्यापासून आत खेचतो. दरवर्षी या सरोवरांत माणसे बुडतात. त्यांतले कित्येक जण "तळ्याला काय घाबरायचे" अशा समजुतीने उतरलेले असतात. किनाऱ्यावर लाल बावटा असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही, हा नियम आम्ही मुलाला पोहायला शिकवण्याआधी शिकवला होता.

त्याच पुळणीवर एका ठिकाणी दोरी बांधून कुंपण घातलेले होते. ते पाहताच अण्णांनी विचारले, "इथं कासवं येतात का?" गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जाळीच्या कुंपणात जपतात, त्यामुळे वाळूतले कुंपण त्यांच्या परिचयाचे. इथे ते पायपिंग प्लवर या पक्ष्यासाठी असते. चिमणीपेक्षा जरा मोठा, वाळूच्याच रंगाचा हा पक्षी उघड्या पुळणीवर गोट्यांमध्ये अंडी घालतो आणि माणसांच्या पायाखाली, कुत्र्यांच्या तोंडी त्याची पिल्ले जातात. पंचमहासरोवरांच्या काठी १९९०च्या सुमारास त्याच्या वीसही जोड्या उरल्या नव्हत्या, आणि इतक्या वर्षांच्या राखणीनंतरही आज शंभर जोड्या होत नाहीत. ऑगस्टच्या अखेरीस ते पक्षी दक्षिणेच्या उबदार किनाऱ्यांकडे निघून गेलेले होते, मागे फक्त दोरी होती. अण्णा तिच्या बाहेरूनच, पण बराच वेळ आत पाहत उभे राहिले.

दुपारी आम्ही वाळूचे डोंगर पाहायला गेलो. स्लीपिंग बेअर ड्यून्स हा सारा परिसर १९७० साली राष्ट्रीय किनारा म्हणून राखून ठेवण्यात आला. बर्फयुगातल्या हिमनद्यांनी माती, गोटे, वाळू ढकलत आणून इथे टेकाडे रचली, बर्फ वितळून सरोवरे भरली, आणि पश्चिमेच्या वाऱ्याने त्या टेकाडांवर आणखी वाळू चढवली. त्यामुळे डोंगराच्या डोक्यावर वाळूचे डोंगर बसलेले दिसतात. एका सज्जावरून खाली पाहिले की सुमारे १३७ मीटर सरळ उतार आहे आणि पायथ्याशी थेट पाणी. तिथे पाटी लावली आहे की खाली जायला काही मिनिटे लागतील, वर यायला तास लागतील, आणि सोडवायला माणसे बोलवावी लागली तर खर्च तुमच्याकडून घेतला जाईल. पाटीच्या खाली, त्या भल्या मोठ्या उतारावर, मुंग्यांएवढी दिसणारी माणसे चार पायांवर वर येण्याची खटपट करत होती. माझा मुलगा खाली धावायला निघाला तेव्हा आईने त्याचा शर्ट धरला तो परत गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

या जागेचे नाव अनिशिनाबे लोकांच्या, म्हणजे ओजिब्वे, ओडावा अशा इथल्या मूळ जमातींच्या, एका कथेवरून आले आहे. पलीकडच्या काठावर, म्हणजे आजच्या विस्कॉन्सिनमध्ये, जंगलाला वणवा लागला आणि एक अस्वलीण आपल्या दोन पिल्लांना घेऊन पाण्यात शिरली. पोहत पोहत ती या काठाला लागली, उंच जागी बसून पिल्लांची वाट पाहू लागली, पण पिल्ले किनारा दिसत असताना दमून बुडाली. त्यांची दोन बेटे झाली, उत्तर मॅनिटू आणि दक्षिण मॅनिटू, आणि वाट पाहता पाहता निजलेल्या आईवर वाळू चढली. सज्जावरून ती दोन्ही बेटे दिसतात. अस्वलीण म्हणून ओळखला जाणारा जो झाडीने झाकलेला वाळूचा उंचवटा आहे, तो मात्र झिजत चालला आहे: १९०६ साली त्याची उंची ७१ मीटर होती, १९८० पर्यंत ती जेमतेम ३१ मीटरांवर आली. खालचा कडा पाणी पोखरते आणि वरची वाळू वारा नेतो. आईने ही कथा इंग्रजी फलकावरून मुलाकडून वाचून घेतली, आणि मग संध्याकाळपर्यंत ती एकाच गोष्टीवर बोलत होती, की पिल्ले मागे पडली हे तिला कळले कसे नाही.

सूर्य सव्वाआठनंतर पाण्यात बुडाला. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे गुहागरसारखाच सूर्यास्त मिळतो, इतके अण्णांनी मान्य केले. पण अंधार पडल्यावर त्यांना काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले आणि ते काय हे ओळखायला त्यांना पाच मिनिटे लागली: गाज होती, पण तिला वास नव्हता. ओल्या जाळ्यांचा, शेवाळाचा, सुकत घातलेल्या मासळीचा, गंजत्या लोखंडाचा असा कोणताच वास त्या वाऱ्याला नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा त्याच जागी पोहायला गेलो आणि अण्णा घोट्यापर्यंतच्या पाण्यातूनच माघारी फिरले. रात्रीत पाणी बर्फासारखे गार झाले होते. ऊन तेच होते, आकाश तेच होते, हवाही फारशी बदलली नव्हती. कोकणात असे एका रात्रीत कधी झालेले त्यांना आठवेना. याचे उत्तर वाऱ्यात होते. रात्रभर उत्तरेचा वारा वाहत होता, आणि या पूर्वेकडच्या काठावर तसा वारा सुटला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून आत, पश्चिमेकडे सरकते आणि त्याच्या जागी खालचे गार पाणी वर येते. उन्हाळ्यात तापलेले पाणी म्हणजे सगळे सरोवर नव्हे. तो दुधावरच्या सायीसारखा वरचा थर असतो. त्याच्याखाली, २८१ मीटरांपर्यंत खोल असलेल्या या पाण्याच्या तळाशी, भर ऑगस्टमध्येही चार अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असते.

चार अंश हा आकडा इथे फार महत्त्वाचा आहे आणि खरे तर गोडे व खारे यांतला चवीपेक्षा मोठा फरक तोच आहे. समुद्राचे पाणी थंड होत जाते तसतसे ते गोठेपर्यंत जड होत जाते. गोडे पाणी चार अंशांना सर्वांत जड असते आणि त्याहून थंड झाले की पुन्हा हलके होते. म्हणून शरद ऋतूत वरची साय गार होता होता खालच्या पाण्याइतकी जड झाली की वरखाली असा भेदच राहत नाही, वादळे सगळे सरोवर घुसळून काढतात आणि वरचा प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो. वसंतात पुन्हा एकदा तेच होते. मी हे सांगत असताना अण्णांनी मला थांबवून विचारले की हे घुसळणे कोणत्या महिन्यात होते. मी म्हटले, ऑक्टोबरनंतर, आणि नोव्हेंबरात तर फारच वाईट वादळे येतात. त्यावर ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे आमचा उलटा कारभार."

या उलट्या कारभारावर आम्ही लीलँडला जाईपर्यंत बोलत होतो. कोकणात जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, होड्या शाकारून किनाऱ्यावर चढवलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की दर्या उघडतो. म्हणजे ऑगस्टअखेर ही आमच्याकडे सुरुवात. इथे ऑगस्टअखेर हा शेवट. लेबर डेनंतर आइस्क्रीमची दुकाने एकेक करून पाट्या लावतात, भाड्याच्या होड्या आत जातात, आणि त्यानंतर पाणी कुणाचे राहत नाही. मी त्यांना एडमंड फिट्झगेराल्डबद्दल सांगितले. लोहखनिज वाहून नेणारे हे २२२ मीटर लांबीचे जहाज १० नोव्हेंबर १९७५ रोजी लेक सुपीरियरवरच्या वादळात बुडाले आणि त्यावरच्या २९ जणांपैकी एकही वाचला नाही. तळ्यात एवढे मोठे जहाज चालते आणि तळ्यात ते बुडते, या दोन्ही गोष्टींनी अण्णा अस्वस्थ झाले. त्या दिवशी त्यांनी पुन्हा "तुमचं तळं" म्हटले ते संध्याकाळनंतरच.

लीलँडला जुनी कोळीवस्ती जपून ठेवली आहे. तिला फिशटाउन म्हणतात. राखाडी पडलेल्या लाकडाच्या खोपट्या, धक्का, एका बाजूला बंधाऱ्यावरून पडणारे नदीचे पाणी, आणि धुरावर शिजवलेल्या व्हाइटफिशचा वास. आदल्या रात्री हरवलेला वास इथे सापडला म्हणून अण्णा खूश झाले. गौरी जाईपर्यंत आई मासे खात नाही, त्यामुळे ती बाहेर बाकावर वाळवलेल्या चेरींची पुडी घेऊन बसली. हा भाग आंबट चेरींसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यालाही सरोवरच कारण आहे: वसंतात गार पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे झाडे उशिरा फुलतात आणि फुलोरा कडाक्याच्या थंडीच्या तडाख्यातून वाचतो. आईचा त्यावरचा अभिप्राय असा होता की फळ चांगले आहे, पण इथल्या बायका त्याचे नुसते गोड करतात. तिच्या मते रातांब्यासारखे मीठ घालून त्याचे आगळ काढायला हवे होते.

धक्क्यावर उभे राहून पाहिले तर पाणी इतके निवळ होते की तीन-चार मीटर खालचा एकेक गोटा मोजता येत होता. मला ते सुंदर वाटत होते. अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एवढं निवळ पाणी म्हणजे त्यात खायला काही नाही," ते म्हणाले. पावसाळ्यात नद्यांचे गढूळ पाणी समुद्रात शिरते तेव्हा मासळी किनाऱ्याकडे येते, हे पाहत वाढलेल्या माणसाचे ते बोलणे होते, आणि ते अगदी बरोबर होते. १९५९ साली सेंट लॉरेन्स नदीतला जलमार्ग मोठा करून खुला झाला आणि महासागरातली जहाजे सरोवरांत येऊ लागली. जहाजांनी तोल सांभाळायला घेतलेल्या पाण्यातून, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, काळ्या समुद्राच्या बाजूचे दोन जातींचे शिंपले इथे पोहोचले, झेब्रा आणि क्वागा. त्यांतल्या क्वागाने लेक मिशिगनचा तळ व्यापून टाकला आहे. हे बोटाच्या पेराएवढे प्राणी रात्रंदिवस पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात. ज्याच्यावर माशांची पिल्ले वाढायची तेच अन्न गाळले जाते आणि मागे हे काचेसारखे पाणी उरते. उत्तर लेक मिशिगनमध्ये व्हाइटफिश बरीच घटली आहे आणि तिच्यावर जगणारे कोळी, ज्यांत ओडावा आणि ओजिब्वे लोकही आहेत, अडचणीत आहेत. पोस्टकार्डावरचा तो निळा रंग मी इतकी वर्षे कौतुकाने लोकांना दाखवत आले होते. अण्णांना त्यातले वैगुण्य ओळखायला एक मिनिट लागले, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा थोडा राग आला.

त्या रात्रीचा मुक्काम पेटॉस्कीला होता. हे गाव एका उपसागराच्या काठावर आहे आणि इथले दगड प्रसिद्ध आहेत. कोरडा असताना हा साधा करडा गोटा दिसतो. ओला केला की त्यावर मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे उमटतात आणि प्रत्येक घराच्या मधोमध एक काळा डोळा. हे प्रवाळाचे जीवाश्म आहेत. मिशिगनने १९६५ साली त्याला आपला राज्य-पाषाण ठरवले. राष्ट्रीय किनाऱ्यावरचा खडाही उचलायला बंदी असल्यामुळे आईने शनिवारी वेचलेले सगळे दगड मी परत टाकायला लावले होते आणि त्यावरून ती माझ्यावर रुसली होती. इथे राज्याच्या जमिनीवर मात्र वर्षाला माणशी २५ पौंड, म्हणजे अकरा किलोंच्या आसपास, दगड नेण्याची मुभा आहे. तिने निऱ्या खोचल्या, आणि दिवस मावळेपर्यंत ती पाण्याच्या कडेने वाकून चालत होती. तांदूळ निवडताना जसा खडा तिच्या नजरेतून सुटत नाही, तसे तिने आम्ही चौघांनी मिळून शोधले त्याच्या दुप्पट दगड शोधले.

प्रवाळ म्हणजे खारा समुद्र. पस्तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी ही जमीन उष्ण कटिबंधात होती आणि इथे उथळ, उबदार, खारे पाणी होते. त्याच्याही आधीचा एक समुद्र आटला त्याचे मीठ जमिनीखाली जाड थरांनी साठलेले आहे, आणि आमच्या डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे साडेतीनशे मीटरांवर त्याची खाण आहे. ती सुरू होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. अण्णांना हे ऐकून मनापासून बरे वाटले. मीठ हरवले नव्हते, ते फक्त खाली होते. पण त्या खाणीतले मीठ हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळवायला टाकतात आणि वसंतात ते ओढ्यानाल्यांतून सरोवरांत जाते. लेक मिशिगनचा खारेपणा चवीला कळणार नाही इतका थोडा, पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी होता त्याच्या कितीतरी पट झाला आहे आणि अजून वाढतो आहे. हे मी त्या संध्याकाळी सांगितले नाही. त्यांचा आनंद दिवसातून दोनदा मोडायची माझी इच्छा नव्हती, असे म्हणता येईल. किंवा धक्क्यावरचा राग अजून गेला नव्हता आणि एखादी तरी गोष्ट माझ्यापाशी राहावी असे वाटत होते.

तिथेच अण्णांनी मला हाक मारली. ते एका मोठ्या दगडावर बसले होते आणि त्यांनी पाण्याच्या रेषेवर काडी खोवून ठेवली होती. अर्ध्या तासात पाणी काडीच्या वर वीतभर चढले होते आणि आता परत उतरत होते. "भरती नाही म्हणालीस ना?" भरती नव्हतीच. वाऱ्याने किंवा हवेच्या दाबाने सरोवराच्या एका बाजूला पाणी लोटले जाते आणि मग ते परातीत हिंदकळणाऱ्या पाण्यासारखे इकडून तिकडे झुलत राहते. बहुतेक वेळा ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण २६ जून १९५४ रोजी शिकागोच्या किनाऱ्यावर वादळानंतर असेच पाणी एकाएकी चढले, सुमारे तीन मीटर, आणि धक्क्यावर गळ टाकून बसलेल्यांपैकी आठ जण त्यात गेले. हे सांगून झाल्यावर अण्णांनी काही न बोलता माझ्या चपलांकडे पाहिले. त्या पाण्यापासून दोन हातांवर होत्या. मी उठून त्या वर नेऊन ठेवल्या.

सोमवारी सकाळी लवकर निघून आम्ही मॅकिनॉच्या पुलावर पोहोचलो. १९५७ साली खुला झालेला हा आठ किलोमीटर लांबीचा पूल लेबर डेच्या सकाळी वाहनांना बंद ठेवून पायी चालणाऱ्यांना देतात. डावीकडे लेक मिशिगन, उजवीकडे लेक ह्युरॉन, पण नावे दोन असली तरी दोहोंची पातळी एकच आणि खालून पाणी वाऱ्याप्रमाणे कधी इकडे कधी तिकडे वाहते, त्यामुळे शास्त्रज्ञ त्यांना एकच सरोवर मानतात. गर्दी पंढरीच्या वाटेवरची आठवण व्हावी अशी होती, फक्त टाळ-मृदंग नव्हते. आईने अर्ध्या वाटेवरून परत फिरायचे ठरवले. अण्णा कठड्यापाशी थांबून खाली बघत राहिले आणि त्यांनी तिथे नेमके काय पाहिले ते सांगितले नाही. दुपारी आम्ही पंजाच्या टोकावरून अंगठ्याकडे निघालो.

ऑक्टोबरात ते दोघे परत गेले. पेटॉस्कीचे दोन दगड आईच्या बॅगेत होते. तिकडे ते देवघरातल्या ताम्हनात पाण्यात ठेवले आहेत, कारण कोरडे झाले की ते कुणाला दाखवण्यासारखे राहत नाहीत. अण्णांना मी उत्तर लेक मिशिगनच्या मधोमध तरंगणाऱ्या सरकारी बोयाबद्दल सांगितले होते. तो तासातासाला वारा, लाटा आणि पाण्याचे तापमान कळवतो आणि ते आकडे कुणालाही पाहता येतात. गुहागरहून दर रविवारी फोन येतो आणि सगळ्यांची खुशाली विचारून झाली की अण्णा विचारतात, "तळ्याचं पाणी किती?" मी आकडा सांगते. प्रत्येक रविवारी तो थोडा खाली आलेला असतो, आणि ते तिकडे कुणाला तरी तो मोठ्याने सांगतात.

गेल्या रविवारी आकडा नव्हता. नोव्हेंबरची वादळे आणि पुढचे बर्फ यांत बोया टिकत नाही, म्हणून दरवर्षी या सुमारास तो काढून किनाऱ्यावर आणतात आणि वसंतात पुन्हा नेऊन सोडतात. मी अण्णांना तसे सांगितले.

"म्हणजे होड्या शाकारल्या," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.